तुकाबाईसाहेबांनी इस्पानी बोली सर केली त्याची हकीकत

श्री बिरोबा प्रसन्न

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर. मौजे निमगाव सावा, तालुके जुन्नर, प्रांत पुणे, येथील वज्रचुडेमंडित सौभाग्यवती तुकाबाईसाहेब, वय वर्षे अठ्ठावन्न, शिक्षण चौथी, पदरी मेंढरे एकशे बारा, यांनी इस्पानी बोली, जीस हल्लीचे लोक स्पॅनिश म्हणतात, ती आठ महिन्यांचे मोहिमेत कैसी सर केली, कोठे शिकस्त खाल्ली, कोण कामास आले आणि कोण नुसतेच आडवे आले, हे पुढिलांस कळावे म्हणोन, पाहिले तैसे आणि ऐकिले तैसे, पदरचे मीठ न घालिता लिहिले आहे. वाचणाराने हसू नये. न आवरल्यास तोंडास उपरणे लावोन वाचावे.

मूळ कारण ऐसे. तुकाबाईसाहेबांचे एकुलते चिरंजीव राजश्री भैरवनाथ हे गुरांचे डाक्तर जाहले आणि मेंढरांचे रोगांचा अभ्यास करावयास समुद्रापार इस्पान मुलखी गेले आणि तेथे रोग थोडे सापडले आणि नोएलिया नामे डाक्तरीणबाई सापडली. तीही मेंढपाळाचीच लेक, तेव्हा जातगोत जुळले ऐसे मानोन दोहोंकडील वडिलांनी रुकार दिला आणि लग्न जाहले, आणि मग आरोही नामे कन्यारत्न जन्मास येवोन चार वर्षांचे जाहले. भैरवनाथ दिवसभर कामावर, पोर आईपाशी आणि आजोळी वाढली, तेणेकरोन मराठीचा एक शब्द तिचे मुखी नव्हता.

चैत्र मासी एके रविवारी दोनप्रहरी फोनावर मुखदर्शनाचा दरबार भरला. नात पडद्यापाशी आली आणि हातवारे करोन बहुत वेळ काही बोलली, डोळे मोठे केले, बोटे मोजली, आणि आजीचे मुखाकडे पाहात राहिली. तुकाबाईसाहेबांस अक्षर कळेना. "हां बाळा, हां हां, लई छान," ऐसे म्हणोन त्या हसल्या. पोरीने खालचा ओठ बाहेर काढिला आणि पडद्यातून निघोन गेली.

"काय म्हनत व्हती रं?" तुकाबाईंनी लेकास पुसिले.

"काय न्हाई आये. तिची एकुलती मैत्रीण गाव सोडून गेली काल. तेच सांगत व्हती."

"आन मी हासले?"

तुकाबाईसाहेबांनी फोन उपडा ठेविला आणि त्या दिवशी भाकर मोडिली नाही. पोर दुःख सांगावयास आली आणि आजी हसली, हा घाव ऐसा वर्मी बसला की दुसरे दिवशी मेंढरे सोडतानाच त्यांनी यजमानांस हुकूम ऐकविला: पौषात नात पंधरा दिवसांचे सुट्टीस येणार, तत्पूर्वी इस्पानी बोली हस्तगत करावी, यात हयगय होणार नाही.

यजमान राजश्री राघूजी हे शांत पुरुष. त्यांनी तंबाखू मळत अर्ज केला, "अगं, आपल्याला जुन्नरात ब्यांकेतल्या सायबाचं बोलणं समजत न्हाई, आन तू थेट सायबाच्या मुलखापल्याड निघालीस." अर्ज नामंजूर जाहला.

मोहिमेस सरदार पाहिजे, म्हणोन प्रथम गेणभाऊ मास्तरांस पाचारण केले. गेणभाऊ तीस वर्षे पोरांस व्याकरण शिकवोन निवृत्त जाहलेले, आणि जे येत नाही तेही शिकविण्याची हिंमत अंगी बाळगणारे. त्यांनी नारायणगावच्या बाजारातून इस्पानी व्याकरणाचे जाड पुस्तक पैदा केले आणि लिंबाखाली खाट टाकोन गनिमाचे लष्कर उलगडोन दाखविले. ते ऐकोन भलेभले हवालदिल व्हावे. आपल्याकडे 'असणे' हे एक क्रियापद, तिकडे त्याचे दोन सरदार, एक कायमचे असण्याचा आणि एक तात्पुरते असण्याचा. मी आजी आहे हे एका सरदाराचे हाताखाली आणि मी दमले आहे हे दुसऱ्याचे.

"आन मी कायमचीच दमलेली आसंल तर?" तुकाबाईंनी पुसिले.

गेणभाऊंनी पुस्तक चाळिले. मग तो धडा दुसरे दिवसावर ढकलिला.

सहा हप्ते हा वेढा चालला. क्रियापदांची रूपे पाढ्यांप्रमाणे पाठ जाहली, आणि मग ज्येष्ठात फोन आला तेव्हा तुकाबाईसाहेब सरसावोन गेणभाऊंनी पढविला तैसा "होला!" ऐसा मुजरा करत्या जाहल्या. सुनबाई गोड हसोन म्हणाली की त्यांतील ह मुका, उच्चार 'ओला'. गेणभाऊ पाठीमागून गर्जले, "ओला म्हंजी भिजलेला! तो शबुद येगळा!" आणि सुनेस तिचेच बोलीचे व्याकरण सांगो लागले. इकडे पोर पडद्यापाशी उभी राहिली आणि तुकाबाईंस तीन काळांतील अठरा रूपे आठवली, परंतु 'बाळा, जेवलीस का' हे एक आठवेना. तेव्हा फौज मोठी परंतु लढणारा एक नाही, ऐसे जाणोन पुस्तकाचा वेढा उठविला. गेणभाऊ रुष्ट होवोन घरी गेले.

दुसरी मसलत फोनातील शिकवणीची. नोएलियाबाईंनी एक ॲप धाडिले. त्यात रोज दहा वाक्ये येत आणि ती मागाहून तैसीच म्हणावी लागत. हत्ती दूध पितो. माझ्या काकाची टोपी पिवळी आहे. तुकाबाईसाहेबांनी हत्तीस मान्यता दिली, परंतु टोपीपाशी अडल्या. "माझा काका जाऊन बारा वर्सं झाली. त्यानं जल्मात पिवळी टोपी घातली न्हाई. खोटं म्या बोलायची न्हाई." ॲपाने तेच वाक्य नऊ वेळा पुसिले आणि त्यांनी नऊ वेळा नाकारिले. तथापि कान तयार जाहला, हा गुण बखरकाराने मान्य केला पाहिजे.

मग आषाढात खरी कुमक आली ती विहीणबाईंची. नोएलियाच्या मातुश्री रेमेदिओसबाई, वय साठ, तिकडील मेंढरे तीनशे. सुनेने मध्ये बसोन एकवार दुभाषीपण केले आणि उभय विहिणींचा तह जाहला. कलमे येणेप्रमाणे: एक दिवस बोलणे इस्पानीत, एक दिवस मराठीत. लेक, सून, जावई कोणी मध्ये पडो नये. चुकल्यास हसावे, परंतु थांबवू नये. अर्थ न कळला तरच अडवावे. आणि रेमेदिओसबाईंनी आपले अकलेचे एक कलम वर घातले, की जो शब्द हाताखाली नाही तो शिकू नये. हाती तवा असेल तर तवा म्हणावे, पाणी ओताल तर पाणी ओतते म्हणावे, मोठ्याने म्हणावे, माणूस नसेल तर मेंढराशी म्हणावे.

हे कलम तुकाबाईंस पटले. लेक असाच बोलावयास शिकला होता, कोणी त्यास लिंबाखाली क्रियापद पढविले नव्हते.

दुसरे दिवशी सकाळी घरात चिठ्ठ्यांचा अंमल बसला. दारावर 'पुएर्ता', हंड्यावर 'आग्वा', पलंगावर 'कामा'. राघूजींनी ती चिठ्ठी वाचिली, तिकडे पलंगास कामा म्हणतात हे ऐकिले, आणि हा मुलूख बहुत शहाणा म्हणोन कामावर जे पडले ते चहाचे वेळी उठले. शेळीवर चिकटविलेली चिठ्ठी शेळीने खादली, मग तिजला खडूने लिहिले.

याच अमलात एक अनर्थ होता होता राहिला, तोही लिहिला पाहिजे. इस्पानीत नवऱ्यास 'मारिदो' म्हणतात. तुकाबाईसाहेबांनी न्यायाने सर्व चिजांस चिठ्ठी लाविली, नवऱ्यास का वगळावे, म्हणोन राघूजींच्या सदऱ्यावर पाठीस 'मारिदो' ऐसी चिठ्ठी टाचली आणि विसरल्या. राघूजी तैसेच वेशीकडे चालिले. शेजारीण लंकाबाई या रोज चार तास हिंदी मालिका पाहाणाऱ्या. त्यांनी पाठीवर 'मार दो' ऐसे वाचिले आणि हातातील चहा सांडिला आणि चपला न घालिता पोलीस पाटलांकडे धाव घेतली.

"पाटील, राघूदाजींची सुपारी दिलीय! पाठीवर लिवलंय! आन आक्षर तुकाबाईचं हाय!"

पाटील पंधरा माणसे घेवोन आले. राघूजी पारावर निवांत बसलेले, आपणास मारावयाचे आहे हे त्यांस ठाऊक नव्हते, आणि ऐकिल्यावरही त्यांनी बायकोचा स्वभाव मनात आणोन पुरता नकार दिला नाही. तुकाबाई आल्या आणि सर्वांदेखत उलगडा केला. पाटलांनी चिठ्ठी हाती घेवोन पुन्हा पुन्हा वाचिली आणि म्हणाले, "म्हंजी तिकडं समद्याच बाया रोज नवऱ्याला मारिदो मारिदो म्हनत्यात? आन नवरं वो देत्यात?" जमाव गंभीर होवोन पांगला.

विहिणींचा तह मात्र चोख चालला. तुकाबाईंस भूक लागली म्हणावयाचे होते, तिकडे त्यास 'मजपाशी भूक आहे' ऐसे म्हणतात, तेथे 'आंब्रे'चे 'ओंब्रे' जाहले, म्हणजे 'मजपाशी पुरुष आहे' ऐसे निघाले. रेमेदिओसबाई उत्तरल्या, मजपाशीही आहे, सोफ्यावर निजला आहे. दोघी ऐशा हसल्या की फोन शेणात पडला. आणखी एक घोळ ऐसा, की तुकाबाईंनी आभार मानिले की विहीणबाई दर खेपेस म्हणत, "दे नादा." तिकडील रिवाजे याचा अर्थ 'त्यात काय एवढे'. तुकाबाईंनी ऐकिले 'दे नाडा'. इतकी मोठी तीनशे मेंढरांची धनीण वारंवार नाडा मागते, इस्पान मुलखी नाड्यांचा दुष्काळ दिसतो, ऐसे मनी आणोन त्यांनी श्रावणात परकराचे दोन डझन नाडे टपालाने रवाना केले. ते पोहोचले. रेमेदिओसबाईंनी त्यांचे प्रयोजन न कळता त्याच नाड्यांनी कोकरांचे गळ्यांत घंटा बांधिल्या आणि छबी काढोन पाठविली. ती छबी पाहोन तुकाबाईंनी आभार मानिले आणि पुन्हा 'दे नादा' आले. तेव्हा मात्र सुनेस मध्ये पडावे लागले.

एके ठिकाणी तुकाबाईसाहेब जन्मजात सरस निघाल्या. इस्पानीत जिभेचे शेंड्यावर घोळविण्याचा एक र आहे, त्यावर भलेभले नामोहरम होतात. 'पेरो' म्हणजे परंतु, आणि तोच र घोळविला की 'पेर्रो' म्हणजे कुत्रे. गेणभाऊंस तो साधेना, ते प्रत्येक परंतुचे कुत्रे अगर कुत्र्याचे परंतु करीत. तुकाबाई जन्मभर मेंढरांस "हुर्र्र" करीत आलेल्या. त्यांनी पहिल्याच दमात ऐसा र घोळविला की पलीकडे रेमेदिओसबाईंचा कुत्रा उठोन उभा राहिला.

मेंढरांशी बोलणे तर पहाटेपासोन सुरू. 'बामोस' म्हणजे चला, 'बेन' म्हणजे ये, 'आकी' म्हणजे इकडे. भाद्रपद गेला, आश्विन गेला, आणि कार्तिकात राघूजींस उमगले की मेंढरे आपले ऐकत नाहीत. त्यांनी चाळीस वर्षे जी हाळी दिली तीच दिली आणि एकशे बारा मेंढरे मान वर करोन त्यांजकडे परक्याप्रमाणे पाहात राहिली. शेवटी दोन्ही बाजूंस कोणी नाही ऐसे पाहोन राघूजी हलकेच म्हणाले, "बामोस." कळप चालू लागला. घरी येवोन त्यांनी तक्रार गुदरली, "माझी मेंढरं तू बाटवलीस." आणि नाइलाजास्तव सात शब्द शिकोन घेतले.

येणेप्रमाणे तयारी जाहली आणि पौष शुद्ध तृतीयेस चिरंजीव, सुनबाई आणि नात यांची स्वारी निमगावी दाखल जाहली. नात गाडीतून उतरली. लाल टोपी, गालास थंडीचे चिरे, आणि हाताने आईचा कोट घट्ट धरिलेला. तुकाबाई भाकरतुकडा ओवाळावयास पुढे जाहल्या, "ओला," म्हणाल्या, आणि पुढे सर्व नाहीसे जाहले. आठ महिन्यांचा सरंजाम, तवा, पाणी, हत्ती, काकाची टोपी, एकही चीज जागेवर सापडेना. पोर आईचे पाठीशी दडली. तीन दिवस हीच गत. आजी घास घेवोन जाई, पोर तोंड फिरवी. आजी मेंढराशी फडफड बोले, नातीपुढे 'ओला'पलीकडे गाडी जाईना.

"आये, वेळ लागतो," भैरवनाथ म्हणाले.

"मला म्हाईत हाय रं. मेंढराला लाजत न्हाई मानूस. मानसाला लाजतं."

षष्ठीस ठरले की लेकासुनेने माळशेज घाट पाहावयास जावे. पोर गाडीत ओकते, तेव्हा तीस दोनप्रहरचे झोपेत आजीपाशी ठेवावी, हा आग्रह तुकाबाईंचाच. सुनेने सासूचे डोळ्यांत पाहिले आणि मान डोलाविली. गाडी गेली. मढ गाव मागे टाकिले की पुढे घाटात फोनास रेंज नाही, हे सर्वांस ठाऊक, परंतु त्या घडीस कोणाचे मनात आले नाही.

तिसरे प्रहरी पोर उठली. तुकाबाई चुलीपुढे भाकरी थापीत होत्या, राघूजी दारात कामावर निजले होते. पोर अनवाणी अंगणात आली, मेंढरांभोवतीची जाळीची वाघर पाहिली, आजोळी पाहिली होती तैसीच गाठ सोडिली, आणि मुलूखगिरीस निघावे तैसा हात उंच करोन ओरडली, "बामोस!"

एकशे बारा मेंढरे निघाली.

राघूजी धुळीने जागे जाहले. पुढे लाल टोपी, मागे लष्कर, वाटेत लंकाबाईंची मिरची वाळत होती तीवरून बिनीचे मेंढे गेले, आणि मग रस्ता ओलांडोन पलीकडील शेतकरी भिमाजी यांचे उसाकडे कूच जाहले. ऊस निम्मा तुटला होता, निम्मा उभा. या मुलखी उभ्या उसात बिबट्याचे ठाणे असते, हे पोरासोरास ठाऊक. राघूजींनी बोंब ठोकिली. गाव लोटले. कोणी काठी, कोणी डबा, कोणी ताट घेवोन वाजवीत आले, की जनावर असेल तर उठावे. तो गजर ऐकोन मेंढरे बांधावर गच्च उभी राहिली आणि पोर भिऊन उसात शिरली. लाल टोपी दिसेनाशी जाहली.

"बाळा भाईर ये!" "ए पोरी, हिकडं ये!" "अगं वाघ हाय, वाघ!" शंभर मुखे ओरडत होती. जितके ओरडले तितकी पोर आत सरकली, पाचट वाजे तेवढे कळे. राघूजींनी लेकास फोन लाविला, तो घाटात. पुन्हा लाविला. मग कपाळास हात लावोन रडो लागले.

इतक्यात तुकाबाईसाहेब आल्या. हाताला पीठ, पदर कमरेस. एकवार उसाकडे पाहिले, एकवार गावाकडे.

"गप बसा समदी!" त्या म्हणाल्या. "डबं खाली ठिवा. श्वास सुदिक मोठा घिऊ नका."

ऐसी शांतता पडली की मेंढरांचे रवंथ ऐकू यावे. तुकाबाई सरीत उकिडव्या बसल्या, पोरीचे उंचीस येवोन. त्या घडीस क्रियापदांचे पाढे आठवले नाहीत आणि आठवावे ऐसे वाटलेही नाही. मेंढरू अडले असता ज्या स्वरात बोलत त्याच स्वरात त्या इस्पानीत बोलो लागल्या. आजी आहे. इथे आहे. भाकर गरम आहे. ये.

पाचट वाजले. आतून बारीक आवाज आला, "पोर्के ग्रितान?" म्हणजे, हे का ओरडतात?

आठ महिन्यांत हा प्रथम प्रश्न, जो तिने पुसिला आणि आजीस कळला. तुकाबाईंचे डोळे भरोन आले, परंतु ती वेळ नव्हती. बिबट्यास काय म्हणतात ते त्यांस येत नव्हते, आणि येते तरी सांगितले नसते. त्या म्हणाल्या, "त्येनेन मिएदो." त्यांस भीती वाटते.

उसातून पुन्हा आवाज आला, "दे मी?" माझी?

तुकाबाईंनी मागे वळोन पाहिले. पोलीस पाटील काठीसह, भिमाजी कोयत्यासह, गेणभाऊ ताटासह, पाऊणशे बाप्ये घामाने निथळत उभे. "सी," त्या गंभीर मुद्रेने म्हणाल्या. "दे ती." होय. तुझी.

उसात कोणी खुदकन हसले. दोन पाने बाजूस जाहली आणि लाल टोपी दिसली. पोर म्हणाली, मला बाहेरची वाट ठाऊक नाही, "नो साबो." आजी हात पुढे करोन म्हणाली, "यो साबो." मला ठाऊक आहे.

"ते 'से' आसतंय, 'साबो' न्हवं," गेणभाऊ मागून पुटपुटले. राघूजींनी, आजन्म शांत पुरुष, त्यांजकडे ऐसे पाहिले की गेणभाऊ ताट घेवोन दोन पावले मागे गेले.

गेणभाऊंचे व्याकरण खरे होते. संध्याकाळी नोएलियाबाईंनी ऐकिले, आधी पोरीस उराशी धरोन बहुत रडल्या, मग हसल्या, आणि उलगडा केला की इस्पान मुलखी मोठी माणसे 'से' म्हणतात आणि चार वर्षांची सर्व पोरे 'साबो' म्हणतात. मोठ्या माणसांनी हाक मारिली तेव्हा पोर आत सरली होती. ही कोणी आपल्याच वयाची आहे, ऐसे तीस वाटले असेल, म्हणोन हात धरिला. व्याकरण पक्के असते तर काय होते, हे बिरोबास ठाऊक.

पोर बाहेर आली, आजीचे काखेत चढली, आणि पीठ लागलेल्या गालाने गावाकडे पाहोन हुकूम करती जाहली, "बामोस!" तेव्हा पुढे आजीनात, मागे मेंढरे एकशे बारा, मागे पोलीस पाटील, आणि सर्वांमागे डबे न वाजविता समस्त निमगाव, ऐसी मिरवणूक घरास आली.

सबब नोंद केली जाते ती ऐसी. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष शुद्ध षष्ठी, चौथे प्रहरी, भिमाजींचे उसाचे बांधी, तुकाबाईसाहेबांनी इस्पानी बोली सर केली. कामी आले: लंकाबाईंची मिरची, दोन पायल्या. जखमी: गेणभाऊंचा मान, तो गुळाचा चहा देवोन बरा केला. पाडाव: नात एक. फत्तेनंतर तिसरे दिवशी पाडाव जाहलेली नात सूर्योदयापासोन 'पोर्के' म्हणो लागली. मेंढरांस नावे का नाहीत, आजोबांस केस का नाहीत, शेळी खडूने का लिहिली आहे, लंकाबाई आम्हांकडे का पाहात नाहीत, आणि प्रत्येक उत्तरास पुन्हा 'पोर्के'. दोनप्रहरपर्यंत एकशे चाळीस जाहले. तेव्हा तुकाबाईसाहेबांनी यजमानांस बोलावोन हुकूम दिला, "अवो, तिला सांगा, आजीला स्पॅनिश येत न्हाई म्हनावं." राघूजींपाशी शब्द सात, त्यांत हा निरोप बसेना. हुकूम तहकूब जाहला आणि उत्तरे देणे चालू आहे.